एका विशेषणाचं ऋण

सेर्व्हान्तेसच्या 'दोन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचं पूर्ण नाव फार थोडे लोक घेतात. १६०५ साली माद्रिदमध्ये हुआन दे ला कुएस्ता याच्या छापखान्यात ती छापली गेली, तेव्हा शीर्षकपानावर नायकाच्या नावाआधी दोन शब्द होते, 'इनहेनिओसो इदाल्गो'. इदाल्गो म्हणजे खालच्या पायरीचा उमराव. करमाफी असलेला, घरात वाडवडिलांचा भाला आणि ढाल असलेला, पण हातात फारसं काही न उरलेला. आणि इनहेनिओसो हे त्याचं विशेषण. पुढच्या चारशे वर्षांत जगभरच्या बहुतेक मुखपृष्ठांवर नुसतं नाव राहिलं आणि विशेषण गळून पडलं. माझ्यावर ऋण आहे ते या गळालेल्या शब्दाचं. तो शब्द ज्यांनी माझ्यासमोर ठेवला, तो कुठे येतो आणि कुठे येत नाही हे पान उघडून ज्यांनी दाखवलं, त्या बाईंचं तर त्याहून मोठं.

बाई मला पुण्यात भेटल्या. मी तेव्हा यंत्रांची माहितीपत्रकं स्पॅनिशमधून मराठीत आणि इंग्रजीत आणण्याचं काम करत होतो. व्हॉल्व्ह, बेअरिंग, गिअर, वंगण यांच्या पलीकडे माझी स्पॅनिश गेलेली नव्हती. कुणीतरी त्यांचा पत्ता दिला. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातल्या एकीत भिंतभर पुस्तकं. त्यांनी माझ्याकडून एक पान मोठ्यांदा वाचून घेतलं, थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी येत जा. पैशांचं बोलू नकोस. पण एकच पुस्तक वाचायचं, आणि घाई करायची नाही." त्या रविवारपासून पुढची काही वर्षं माझी रविवारची सकाळ त्या खोलीत गेली.

बाई पुस्तक शिकवायच्या ते शब्द धरून. कथानक तू घरी वाच, म्हणायच्या, इथे आपण एक शब्द घेऊ आणि तो सोडायचा नाही. पहिला शब्द त्यांनी शीर्षकातलाच घेतला. मी कोशात बघून 'बुद्धिमान' असा अर्थ लिहून नेला होता. त्यांनी तो खोडला नाही. शेजारी दुसरी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हा आजचा अर्थ. आता सेर्व्हान्तेसच्या काळात जाऊ."

सेर्व्हान्तेसच्या काळात जायचं तर वाट कोव्हारुबियासच्या कोशातून जाते. सेबास्तियान दे कोव्हारुबियास याचा स्पॅनिश भाषेचा मोठा कोश १६११ साली निघाला, म्हणजे कादंबरीच्या १६०५ आणि १६१५ साली आलेल्या दोन भागांच्या मधे. त्यात 'इनहेनिओ' म्हणजे माणसाची उपजत शक्ती, विचार करण्याची, शोधून काढण्याची, रचण्याची. लॅटिनमधला मूळ शब्द जन्माशी जोडलेला आहे. जे माणूस आत घेऊनच येतो ते. आणि त्याच नोंदीत पुढे कोव्हारुबियास सांगतो की, कौशल्याने रचलेल्या यंत्रांनाही इनहेनिओ म्हणतात. उदाहरण म्हणून तो तोलेदो शहरातल्या पाणी चढवणाऱ्या यंत्राचं नाव घेतो. क्रेमोनाहून आलेल्या हुआनेलो तुर्रियानो या घड्याळजीने ते रचलं होतं. ताहो नदीचं पाणी सुमारे शंभर मीटर वर, थेट आल्काझार किल्ल्यापर्यंत चढवणारं ते यंत्र बघायला लोक लांबून येत.

"यंत्रालाही तोच शब्द?" मी विचारलं.

"तोच. आणि पुढे क्यूबात गेलास तर उसाच्या कारखान्याला काय म्हणतात माहीत आहे? इनहेनिओ. त्रिनिदाद गावाजवळ एक अख्खं खोरं आहे, त्याचं नावच 'व्हाय्ये दे लोस इनहेनिओस', साखर कारखान्यांचं खोरं. तू रोज ज्या 'इंजिन'चं भाषांतर करतोस तो शब्दसुद्धा त्याच लॅटिन मुळातून फ्रेंचमार्गे आला. इंजिनिअरही तिथूनच."

मी कोल्हापूरकडचा. माझं लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं. मी बाईंना सांगितलं की, माझे वडील गुऱ्हाळावर इंजिन चालवत. त्या दिवशी शब्द बाजूला राहिला. बाईंनी चहा टाकला आणि मला गुऱ्हाळाबद्दल सगळं विचारून घेतलं. चरकात ऊस कसा घालतात, रस काहिलीत कसा येतो, मळी केव्हा काढतात, गुळव्या नुसत्या डोळ्यांनी पाक कसा ओळखतो, चुलवाणाला चिपाडं कोण घालतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. स्पॅनिशमध्ये काय म्हणता येईल तेही समोर लिहिलं. पुस्तकाच्या तासाला माझ्या गावाचं काम इतक्या आदराने कुणी लिहून घेतल्याचा अनुभव मला त्याआधी नव्हता.

वडिलांबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण हे ऋण त्यांच्यापर्यंत जातं. अण्णांचं शिक्षण चौथीपर्यंत. इंजिन बंद पडलं की आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. भंगारातून पत्रे आणून त्यांनी एकदा चिपाडं वाळवायची सोय केली होती. चुलवाणाच्या धुराड्यातून वाया जाणारी ऊब पत्र्याच्या बोगद्यातून फिरवायची आणि ओली चिपाडं त्यावर पसरायची. पहिल्या हंगामात तो बोगदा वाकला. त्यांनी तो उतरवला, पट्ट्या लावल्या, परत चढवला. गावात त्यांना तोंडावर 'डोकेबाज' म्हणायचे, मागे 'चक्रम' म्हणायचे. दोन्ही शब्द मी लहानपणी एकाच माणसांच्या तोंडून ऐकलेले आहेत.

कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात किहोते आपल्या पणजोबांचं गंजलेलं चिलखत घासतो. शिरस्त्राणाचा पुढचा भाग नसतो, म्हणून पुठ्ठ्याचा तयार करतो. तलवारीने घाव घालून बघतो तर आठवडाभराचं काम एका क्षणात मोडतं. मग आतून लोखंडी पट्ट्या लावून तो नवा करतो आणि पुन्हा तपासायच्या भानगडीत पडत नाही. हे वाचताना वर्गात हसू येतं. बाई हसत नव्हत्या. त्या म्हणायच्या, हात बघ त्याचे. पन्नाशीला टेकलेला माणूस घरात बसून जे नाही ते तयार करतोय. घोड्याला नाव शोधायला चार दिवस घेतो, स्वतःला नाव शोधायला आठ. ज्याला शेजारचे लोक म्हातारं घोडं म्हणतात त्याचा रोसिनान्ते करतो, शेजारगावच्या शेतकऱ्याच्या मुलीची दुल्सिनेआ करतो. रचण्याची ही शक्तीच तर कोव्हारुबियासच्या नोंदीत आहे.

मग बाईंनी हुआर्ते दे सान हुआन काढला. हा वैद्य. त्याचं 'एक्सामेन दे इनहेनिओस', म्हणजे निरनिराळ्या बुद्धींची परीक्षा, १५७५ साली बाएसा गावात छापलं गेलं. कोणत्या प्रकृतीच्या माणसाला कोणती विद्या साधेल, हा त्याचा विषय. ग्रंथ युरोपभर गाजला, धर्मपीठाने त्यावर बंदीही घातली आणि १५९४ मध्ये तो काटछाट होऊन पुन्हा निघाला. हुआर्तेच्या मते स्मरणाला ओलावा लागतो, आकलनाला कोरडेपणा, आणि कल्पनेला उष्णता. उष्ण आणि कोरड्या प्रकृतीचा माणूस कल्पनेत बलवान, पण तोल जायचा धोकाही त्यालाच सर्वांत जास्त. आयुर्वेदाच्या सावलीत वाढलेल्या आपल्याला हे परकं वाटत नाही. पित्त भडकलं, वात वाढला, झोप गेली ही भाषा आपल्या आजीच्या तोंडीही होती. आता सेर्व्हान्तेस नायकाची ओळख कशी करून देतो ते बघा. अंगाने कडक, मांस कमी, चेहरा सुकलेला. झोप थोडी, वाचन फार, आणि त्यामुळे मेंदूतला ओलावा आटून गेलेला. वेडाचं हे वर्णन वैद्यकाच्या भाषेतलं आहे. सेर्व्हान्तेसने हुआर्ते वाचला असावा असं अनेक अभ्यासक मानतात; राफाएल सालियास याने १९०५ मध्येच तसं मांडलं होतं. म्हणजे 'इनहेनिओसो' या एका शब्दात कौतुकही आहे आणि निदानही. या माणसाकडे जे असामान्य आहे तेच त्याला वेडापर्यंत घेऊन जाणार आहे, एवढं सगळं लेखकाने पहिलं पान उलटायच्या आधी सांगून ठेवलं.

हुआर्तेच्या ग्रंथात एका उमरावाच्या सेवकाची गोष्ट आहे. बेताच्या बुद्धीचा हा पोरगा वेड लागल्यावर असं काही शहाण्यासारखं बोलू लागला की लोक ऐकायला जमायचे. बरा झाल्यावर त्याला बरं झाल्याचंच दुःख झालं. बाईंनी ही गोष्ट मला कादंबरीच्या अगदी सुरुवातीला सांगितली आणि शेवटचं प्रकरण येईपर्यंत तिचा उल्लेख पुन्हा केला नाही.

यानंतरचं काम सावकाशीचं होतं. बाईंच्या प्रतीत प्रकरणांच्या मथळ्यांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, कारण मथळ्यांत नायकाचं विशेषण बदलत राहतं. पहिल्या प्रकरणात तो 'फामोसो', नावाजलेला. अजून घराबाहेर पडलेला नाही, कुणाला त्याचं नाव माहीत नाही, तरी नावाजलेला. दुसऱ्या प्रकरणात तो पहिल्यांदा उंबरा ओलांडतो आणि मथळ्यात 'इनहेनिओसो' येतो. सहाव्या प्रकरणात पाद्री आणि न्हावी त्याची पुस्तकं तपासतात आणि बरीचशी जाळायला काढतात. तिथेही तो 'आमचा इनहेनिओसो इदाल्गो'. आठव्यात पवनचक्क्या. तिथे मात्र 'व्हालेरोसो', शूर. आणि सोळाव्यात खाणावळीला तो किल्ला समजतो, तेव्हा पुन्हा 'इनहेनिओसो', आणि मथळ्यातच सांगितलेलं की त्याने तिला किल्ला कल्पिलं होतं.

"कुठे कुठला शब्द आला ते बघ," बाई म्हणायच्या. "भाला उचलला तिथे शूर. पुस्तकांची खोली आली तिथे इनहेनिओसो. कल्पना केली तिथे इनहेनिओसो."

हा काटेकोर नियम आहे असं मी म्हणणार नाही, आणि बाईंनीही कधी म्हटलं नाही. सेर्व्हान्तेसचे मथळे काही ठिकाणी घाईचे आहेत. गाढव चोरीला जातं आणि पुढे परत तिथेच दिसतं अशा जागाही पुस्तकात आहेत. पण जाळायला काढलेल्या पुस्तकांच्या प्रकरणावर हा शब्द असावा, याचं मला आजही फार वाटतं. घरातले लोक त्याची पुस्तकं आगीसाठी बाहेर फेकत असताना लेखक वरच्या ओळीत त्या माणसाची बाजू घेऊन उभा आहे.

बाविसाव्या प्रकरणात हाच शब्द नामाच्या रूपात एका चोराच्या तोंडी येतो. राजाच्या गलबतांवर वल्ही मारायला साखळदंडात नेल्या जाणाऱ्या कैद्यांत हिनेस दे पासामोन्ते हा नामचीन गुन्हेगार आहे. तो आपलं आत्मचरित्र लिहितोय आणि ते पुरं का झालं नाही असं विचारल्यावर म्हणतो, माझं आयुष्य अजून कुठे संपलंय? किहोते त्याला म्हणतो, तू हुशार दिसतोस. त्यावर हिनेसचं उत्तर असं की, हुशार आणि दुर्दैवीही, कारण चांगल्या 'इनहेनिओ'चा पाठलाग दुर्दैव कायमच करत असतं. बाईंनी इथे पुस्तक मिटून सेर्व्हान्तेसचं आयुष्य सांगितलं. १५७१ मध्ये लेपान्तोच्या आरमारी लढाईत डावा हात निकामी. १५७५ मध्ये चाच्यांच्या हाती पडून अल्जिअर्समध्ये कैद, पाच वर्षं. पळून जायचे प्रयत्न, सगळे फसलेले. सुटून आल्यावर करवसुलीची नोकरी, हिशेबातले घोळ, पुन्हा तुरुंग. ज्याने स्वतः साखळी ओढली आहे त्याने साखळीतल्या माणसाच्या तोंडी तो शब्द दिला. बाईंचा आवाज तिथे बदलला होता. मला ते वाक्य त्यांच्या आवाजाशिवाय आठवत नाही.

पुस्तकाच्या आतली माणसं किहोतेला काय म्हणतात, हेही बाईंनी मला वहीत मांडायला लावलं. बहुतेक सगळे वेडा म्हणतात. पाद्री म्हणतो की शिलेदारीचा विषय सोडला तर हा इतर सगळ्यांवर नीट, विचाराने बोलतो. दुसऱ्या भागात हिरव्या अंगरख्यातला दिएगो दे मिरांदा त्याला घरी नेतो. त्याचा कवी मुलगा पाहुण्याशी बराच वेळ बोलतो आणि बापाला सांगतो की हा मधूनमधून स्वच्छ शुद्धीवर येणारा वेडा आहे, कुठला वैद्य याला बरं करू शकणार नाही. हे सगळे भले लोक आहेत. त्यांना कोडं सुटत नाही, म्हणून ते माणसाचे दोन तुकडे करतात, शहाणा वेगळा आणि वेडा वेगळा. लेखकाने लावलेल्या विशेषणात मात्र माणूस अखंड आहे. एकाच उगमातून त्याचं शहाणपण येतं आणि त्याचं वेडही. माझ्या वाचनात या कादंबरीचं मोठेपण इथे आहे, आणि ते मला बाईंनी एका शब्दातून दाखवलं.

शब्दाची पुढची गोष्ट १६१४ सालची. तार्रागोनाचं नाव घालून एक पुस्तक निघालं, आलोन्सो फेर्नान्देस दे आव्हेय्यानेदा या टोपणनावाने. किहोतेचा दुसरा भाग, सेर्व्हान्तेसला न विचारता लिहिलेला, प्रस्तावनेत त्याच्या म्हातारपणाची आणि लुळ्या हाताची टवाळी. पात्रं उचलली तशी शीर्षकातलं 'इनहेनिओसो इदाल्गो'ही उचललं. हा आव्हेय्यानेदा खरा कोण, यावर अजून वाद चालू आहे. १६१५ मध्ये सेर्व्हान्तेसचा स्वतःचा दुसरा भाग आला, त्यावर मात्र शब्द होते 'इनहेनिओसो काबाय्येरो'. इदाल्गोचा काबाय्येरो झाला. काबाय्येरो म्हणजे शिलेदार, सरदार, एक पायरी वर. पहिल्या भागात खाणावळवाल्याने चेष्टेत त्याला दीक्षा दिली होती, त्याचा हा मान. आणि चोरीच्या पुस्तकापासून आपलं वेगळं ओळखू यावं, हाही हेतू असणार. विशेषण मात्र लेखकाने सोडलं नाही. चोराने वापरलं म्हणून आपलं टाकून द्यायचं नाही, हा करारीपणा त्यात मला दिसतो.

त्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्याच प्रकरणात किहोतेचा चाकर सांचो धन्याला बातमी देतो की, आपल्यावर पुस्तक छापून आलंय आणि त्याचं नाव 'इनहेनिओसो इदाल्गो दोन किहोते दे ला मांचा'. आपलं विशेषण नायकाच्या कानावर पडण्याची ही जागा. त्याच संभाषणात सांचो हेही सांगतो की, सामान्य लोक तुम्हाला ठार वेडे म्हणतात आणि गावातले इदाल्गो म्हणतात की, चार द्राक्षवेली आणि दोन औतांची जमीन असलेल्या माणसाने नावाआधी 'दोन' लावून सरदार होऊ नये. एका बाजूला जगाचं मत, दुसऱ्या बाजूला छापलेलं शीर्षक. किहोते विशेषणावर काही बोलत नाही. त्याला चिंता एवढीच की हा इतिहासकार कोण, अरब आहे म्हणतात, तो खरं लिहील ना? पुढे बासष्टाव्या प्रकरणात बार्सेलोनाच्या छापखान्यात तो स्वतः शिरतो, खिळे जुळवणारी आणि मुद्रितं तपासणारी माणसं बघतो, आणि एका टेबलावर आव्हेय्यानेदाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासली जात असतात. नाव विचारल्यावर त्याला तेच शीर्षक ऐकवलं जातं, तेच विशेषण. आपल्या नावाने छापलेलं खोटं आयुष्य बघून तो नाराजीने बाहेर पडतो.

शेवटच्या, चौऱ्याहत्तराव्या प्रकरणात त्याला ताप येतो. सहा दिवस अंथरुणावर. मग एक गाढ झोप, सहा तासांहून मोठी, इतकी की भाची आणि घर सांभाळणारी बाई घाबरतात. जागा होतो तो शुद्धीवर. थोड्या झोपेने सुरू झालेलं वेड लांब झोपेने उतरलं; हुआर्तेच्या वैद्यकात हे चपखल बसतं. मी दोन किहोते नाही, तो म्हणतो, मी आलोन्सो किहानो, माझ्या वागणुकीमुळे ज्याला 'भला' म्हणत. त्याने स्वतःसाठी निवडलेलं विशेषण हे, 'भला'. सांचो रडतो, धन्याला उठवायला बघतो, मेंढपाळांच्या वेषात रानात जाऊ म्हणतो. बाईंनी हुआर्तेच्या ग्रंथातल्या त्या सेवकाची गोष्ट इथे, इतक्या महिन्यांनी परत काढली. "बरं होण्याचं दुःख या वेळी रोग्याला नाही," त्या म्हणाल्या, "सांचोला आहे. आणि वाचणाऱ्याला."

आणि मृत्यूनंतर, कथा बंद करताना, सेर्व्हान्तेस लिहितो की ला मांचाच्या 'इनहेनिओसो इदाल्गो'चा शेवट असा झाला. या भागाच्या शीर्षकपानावर त्याला काबाय्येरो केलं होतं. इथे तो पुन्हा इदाल्गो आहे, मिळवलेली पायरी सोडून दिलेली. मरणाऱ्याने 'भला' हे विशेषण मागितलं होतं. लेखकाने ते नाकारलं नाही, पण दहा वर्षांपूर्वी आपण लावलेलं विशेषणही परत घेतलं नाही. हे पुस्तक बाहेर पडल्यावर काही महिन्यांत, १६१६ च्या एप्रिलमध्ये, सेर्व्हान्तेस गेला.

भाषांतरकारांनी या शब्दाचं काय केलं, हा बाईंचा आवडता विषय. १६१२ मध्ये शेल्टनने इंग्रजीत 'शूर आणि चतुर' असे दोन शब्द घेतले. १६१४ मध्ये उदँने फ्रेंचमध्ये शब्द ठेवला आणि इदाल्गो गाळला. १६२२ मध्ये फ्रांचोसीनीने इटालियनमध्ये शब्द ठेवून इदाल्गोचा नागरिक केला. १८००च्या सुमारास टीकने जर्मनमध्ये 'तीक्ष्ण बुद्धीचा' म्हटलं. मोत्तूने १७००च्या सुमारास इंग्रजीत सरळ 'सुप्रसिद्ध' लिहून टाकलं, आणि बाईंना ते सहन होत नसे. मराठीत काय, यावर आमच्या कितीतरी सकाळी गेल्या. 'चतुर' म्हटलं की डावपेच आले. 'हुशार' शाळकरी. 'प्रतिभावंत' जवळचा, कारण प्रतिभा म्हणजे नवं नवं स्फुरणारी प्रज्ञा असं संस्कृत काव्यशास्त्रात भट्टतौताने सांगून ठेवलंय. पण आज तो शब्द सत्कारसमारंभांत झिजला. बाईंचा कौल 'कल्पक'ला होता, कल्पना त्याच्या पोटातच आहे म्हणून. मी 'डोकेबाज' सुचवला, गुऱ्हाळावरचा. त्यांनी तो दोनदा उच्चारून बघितला. "बोलण्यात उत्तम. शीर्षकावर कल्पक," असा निर्णय दिला, आणि डोकेबाजही वहीत लिहून ठेवला.

१९३०च्या दशकात काश्मीरमधल्या दोन पंडितांनी, नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर झाडू यांनी, या कादंबरीची काही प्रकरणं संस्कृतात आणली. कार्ल टिल्डन केलर या अमेरिकन ग्रंथसंग्राहकाच्या इच्छेवरून आणि संशोधक ऑरेल स्टाइन यांच्या मध्यस्थीने ते काम झालं. समोर ठेवलेली प्रत चार्ल्स जार्व्हिसच्या १७४२ च्या इंग्रजी भाषांतराची, ज्याच्या शीर्षकात विशेषण शाबूत आहे. हस्तलिखित केलरच्या संग्रहाबरोबर हार्वर्डला गेलं, आणि ड्रॅगोमिर डिमित्रोव्ह यांच्या संपादनाखाली ते पुस्तक २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ग्रंथमालेत छापलं गेलं. बाईंच्या घरापासून फार लांब नाही असं हे ठिकाण. तोवर त्या गेलेल्या होत्या. ते पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते कुणाला नेऊन दाखवायचं होतं, हे सांगायला नको.

बाईंनी मला दिलेली गोष्ट रोजच्या कामातली आहे. कुठल्याही माणसाबद्दल लिहिताना विशेषण लावायची वेळ आली की मी थांबतो. हे विशेषण कोण लावतंय, त्या माणसाच्या घरचे, शेजारचे, की मी? आणि शेवटच्या पानावर ते मी परत उच्चारू शकेन का? अण्णा गेले तेव्हा तेराव्याला गावातल्या एकाने त्यांच्याबद्दल लिहून द्यायला सांगितलं. मी पत्र्याच्या बोगद्याबद्दल लिहिलं, तो वाकला आणि परत उभा राहिला याबद्दल लिहिलं, आणि कल्पक हा शब्द वापरला. बाईंशिवाय तो मला सुचला नसता. सुचला असता तरी त्यामागे काय उभं आहे हे कळलं नसतं.

ही कादंबरी मराठीत आणणाऱ्यांना, छापणाऱ्यांना आणि मुलांसाठी तिचा संक्षेप करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पानं कमी करावी लागली तर करा, मधल्या गोष्टी वगळाव्या लागल्या तर वगळा. पण मुखपृष्ठावर नावाआधी ते विशेषण ठेवा. कल्पक म्हणा, प्रतिभावंत म्हणा, याहून चांगला शब्द सापडला तर तो वापरा. त्याची जागा रिकामी ठेवू नका.